हप्ता आठवड्याचा, कमाई हंगामाची

रमजानचा चांद दिसायच्या आधी पंधरा दिवस मोहल्ल्यातील शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे नवे कपडे घेणे बंद होते. "आता ईदनंतर," असे उत्तर मिळते. तरीही गठडी घेऊन आलेली बाई दारातून हलत नाही. शेजारपण असते, नाते असते, मुलांच्या शाळेतील ओळख असते. शेवटी गठडी ठेवून घेतली जाते आणि सहरीपर्यंत मशीन चालते. आपण ईदच्या नमाजला निघतो तेव्हा अंगावरचे किती कपडे कारखान्यातले आणि किती अशा एका खोलीतल्या मशीनवरचे, याचा हिशेब कोणी करत नाही. या बाईला आपण 'दर्जी' म्हणत नाही. तिच्या दारावर पाटी नसते. विचारले तर तिच्या घरचेसुद्धा म्हणतात, "काही नाही, घरीच असते, थोडे शिवते."

आम्ही गेली अनेक वर्षे सोलापुरात उर्दू आणि मराठी शिकवत आहोत. मुलांच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाचा रकाना भरताना 'घरकाम' लिहिले जाते, आणि त्याच आईने शिवलेला गणवेश घालून मूल समोर उभे असते. विडी वळणारी आई कधीकधी तसे लिहिते, कारण तिच्याकडे कार्ड असते. शिवणारी लिहित नाही.

या लेखाचा विषय तिचे कर्ज आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या वस्त्यांत कर्ज देणारे खूप झाले. बायकांचे गट करून, काही गहाण न घेता, आधार कार्डावर पैसे मिळतात. त्याने कोणाचे भले झाले, कोण अडकले, आणि एकाच गल्लीत एकीचे भले आणि दुसरीचे हाल का झाले, हे समजून घ्यावे म्हणून आम्ही काही घरांत बसलो. त्यातील एका घराची हकिकत इथे सविस्तर देत आहोत. नाव देत नाही, तसे ठरले आहे. मोहल्ल्यात सगळे तिला आपा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

आपांचे मियाँ टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. माग बंद पडले, तेव्हापासून ते मिळेल ते काम करतात. आपांकडे जहेजमध्ये आलेली पायमशीन होती. लग्नाआधी चाचीकडे सलवार-कमीज शिकल्या होत्या, ब्लाऊज इथे आल्यावर शेजारच्या पद्मशाली काकूंकडून शिकल्या. साधा सूट तीनशे, अस्तराचा साडेचारशे, गळ्याला लेस किंवा पायपिंग असेल तर वर पन्नास. हात साफ आहे. गिऱ्हाईक कधी कमी नव्हते. कमी होता तो वेग. पायमशीनवर दिवसाला दोन सूट, फार तर अडीच. शिवाय प्रत्येक सुटाच्या शिवणीला आतून इंटरलॉक करायला दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात जावे लागे. पंधरा रुपये सुटाला, आणि रमजानात तिथेही रांग.

म्हणजे काम होते, हुन्नर होता, गिऱ्हाईक होते. मशीन नव्हती. कर्ज नेमके अशा ठिकाणी कामाला येते, आणि हे आम्ही आमच्या मनाने म्हणत नाही. सन २००५ पासून हैदराबादच्या गरीब वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान कर्जांचा अभ्यास केला. एकशेचार वस्त्या घेतल्या, त्यातील निम्म्यांत कर्जाची शाखा आधी उघडली, निम्म्यांत नंतर, आणि दोन्हींकडची घरे पडताळून पाहिली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो वाढवला, त्यांतल्या काहींचा नफाही वाढला. पण सरासरी घराचा खर्च काही वाढला नाही, आणि मुलांचे शिक्षण, आरोग्य, घरात बाईच्या शब्दाला असलेली किंमत यांतही ठळक फरक दिसला नाही. कर्जाने गरिबी हटते असे सांगणाऱ्यांना हे फारसे आवडले नव्हते. आम्हाला मात्र त्यात गल्लीतलेच चित्र दिसते. हातात काम असलेल्या बाईला कर्जाने मशीन मिळते. हातात काम नसलेल्या बाईला कर्जाने फक्त हप्ता मिळतो.

पैसा आला कुठून

आपांसमोर वाटा किती होत्या ते पाहू. सोनाराकडे दागिना ठेवणे ही पहिली. ते दोनदा झाले होते आणि एक बाळी परत आलीच नव्हती. दुसरी वाट हातउसन्याची, म्हणजे शेकडा दहा. पाच हजार घेतले तर महिन्याला पाचशे द्यायचे. वर्षाला सहा हजार गेले, तरी मूळ पाच हजार जागच्या जागी. सावकार हा शब्द कोणी वापरत नाही, 'भाई' म्हणतात.

तिसरी भिशी. आमच्या मते आपल्या मोहल्ल्यांतील लहान कर्जाची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सभ्य पद्धत आहे. बारा जणी महिन्याला हजार टाकतात, चिठ्ठी निघते, बारा हजार एकीच्या हातात जातात. व्याज नाही, कागद नाही, सगळे जबानीवर. अडचण एवढीच की गरज शाबानात असते आणि चिठ्ठी निघते सफरमध्ये. (बोली लावण्याची भिशी वेगळी. तिथे जिला घाई जास्त ती कमी रक्कम घेते. त्याला काय म्हणायचे ते वाचकांनीच ठरवावे.)

बँकेची वाट होती, पण ती आपांना ठाऊक नव्हती. प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्या 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळते. आपांच्या घरात यावर एकच वाक्य ऐकू आले, "बँकवाले हमको कायकू देंगे?" हे वाक्य पूर्ण खोटे आहे असे म्हणायला आमची जीभ धजत नाही, कारण दोनदा-तीनदा परत पाठवलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. पण अर्ज न करताच ते म्हणणाऱ्या त्याहून जास्त पाहिल्या आहेत.

राहिली गटाच्या कर्जाची वाट. २०२२ मध्ये शेजारणीने आपांना गटात घेतले. दहा बायका, एकमेकींच्या जामीन. कंपनीचा मुलगा मोटारसायकलवर आला, घर पाहिले, फोटो काढले, आणि आठवड्याभरात तीस हजार खात्यावर आले. कोणत्याही बँकेने, कोणत्याही जमातीने, कोणत्याही नातलगाने इतक्या लवकर आणि इतक्या कमी प्रश्नांत आपांना पैसे दिले नव्हते. ही गोष्ट मान्य केली पाहिजे. जे लोक या कंपन्यांना एका झटक्यात शिव्या देतात, त्यांनी कधी शेजारणीला तीस हजार मोजून दिलेले नसतात.

तीस हजारांचे काय झाले? नऊ हजार सासूच्या दवाखान्याच्या उधारीला गेले. सहा हजारांत सोनाराकडची दुसरी बाळी सुटली. पंधरा हजारांत मोटारची मशीन आली. निम्मे कर्ज धंद्यात, निम्मे घरात. दवाखान्याच्या नऊ हजारांनी एकही सूट शिवला नाही, पण हप्ता मात्र त्यांचाही मशीननेच भरायचा होता.

हप्ता होता पंधरवड्याला आठशेच्या आसपास. शाबान आणि रमजानात आपांनी तो हसत भरला. शव्वाल सरला तसे काम आटले. मोहरमच्या आसपास लग्ने नसतात. पावसाळ्यात लोक कपडे शिवत नाहीत, छत दुरुस्त करतात. शिवणकामाची कमाई वर्षभर सारखी नसतेच. रमजान, जूनमधले गणवेश, डिसेंबर आणि मे महिन्यातील लग्ने, एवढ्या चार वेळा हात ओला असतो. बाकीचे महिने आल्टरेशन, फॉल-पिको आणि उसवलेल्या चेनी. कर्ज मात्र बारा महिने सारखे मागायला येते. आपांनी ते आमच्यापेक्षा नेमके सांगितले, "टीचर, मशीन मैं नै चलाती, हप्ता मेरेकू चलाता."

दुसऱ्या वर्षी गटातील एक बाई मुलांना घेऊन भिवंडीला निघून गेली. तिचा हप्ता उरलेल्या नऊ जणींवर आला. बैठक ज्या अंगणात होई तिथून सगळ्यांचे पैसे जमल्याशिवाय कोणाला उठू देत नसत. दुपारची सुट्टी झाली तरी आया बसलेल्या, आणि मुले फाटकाशी उभी, हे आम्ही शाळेतून पाहिले आहे. त्या पावसाळ्यात आपांनी हप्ता भरायला 'भाई'कडून पाच हजार शेकडा दहाने घेतले. कर्ज फेडायला कर्ज. ज्या मशीनने घर वर यायचे होते ती विकायची बोलणी सुरू झाली होती.

बांबूच्या मोढ्यापासून

ही पद्धत मुळात अशी नव्हती. १९७६ मध्ये बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी स्वतःच्या खिशातून बेचाळीस जणांना मिळून सत्तावीस डॉलर दिले. त्यात बांबूचे मोढे विणणाऱ्या बायका होत्या. बांबूसाठी पैसे देणारा व्यापारीच मोढा त्याच्या भावाने घेई, त्यामुळे दिवसभर विणून हातात जवळपास काहीच उरत नसे. लहानशा रकमेने ती साखळी तुटली. १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस व बँक दोघांना शांततेचे नोबेल मिळाले. आपल्याकडे त्याही आधी, १९७४ मध्ये अहमदाबादेत, इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतील चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. भाजीवाल्या, हातगाडी ओढणाऱ्या, विडी वळणाऱ्या अशा बायकांची ही संघटना. गिरणीच्या चिंध्यांतून खोळी शिवणाऱ्या मुस्लिम बायाही पुढे तिच्याबरोबर उभ्या राहिल्या.

पुढे या कामात नफ्याच्या कंपन्या आल्या. एकीने दिलेले फेडायला दुसरी देऊ लागली. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने वसुलीवर कडक बंधने घातली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले, आणि १ एप्रिल २०२२ पासून नवे नियम लागू आहेत. ते आपल्या घरांत कोणी वाचून दाखवत नाही, म्हणून कामापुरते सांगतो. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले विनातारण कर्ज या नियमांखाली येते. घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, एवढे पाहूनच कर्ज द्यायचे असते. सर्व खर्च धरून व्याज किती, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत कागदावर द्यावे लागते. विमा वगैरे तुमच्या संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. हप्ता चुकला तर दंड फक्त चुकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुली नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, नातलगांना आणि शेजाऱ्यांना त्रास देणे नाही. आपांच्या कार्डावर यातील बरेच छापलेले होते. त्यांनी ते कार्ड कपाटात नीट प्लास्टिकमध्ये ठेवले होते, वाचले नव्हते.

व्याजाचा दर विचारताना एक गोष्ट अवश्य विचारावी: मूळ रकमेवर सरसकट, की उरलेल्या रकमेवर? आम्ही हे गणित नववीच्या मुलांना घातले. चाळीस हजार, दोन वर्षे, वर्षाला चोवीस टक्के. उरलेल्या रकमेवर व्याज लावले तर महिन्याचा हप्ता सुमारे २,११५ रुपये आणि एकूण परतफेड सुमारे ५०,७५६. सरसकट लावले तर हप्ता २,४६७ आणि एकूण ५९,२००. तोंडाने दोन्ही ठिकाणी 'चोवीस टक्के'च म्हणतात. साडेआठ हजारांच्या आसपासचा फरक आहे, म्हणजे साधे अठ्ठावीस सूट शिवून. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मग ते आधी सांगत का नाहीत?" तिची अम्मीही गटात आहे.

सूद, आणि त्याच्या पुढचा प्रश्न

आपल्या घरांत यात आणखी एक ओझे असते. सूद हराम आहे हे प्रत्येकीला माहीत आहे. म्हणून गटाचे कर्ज घेतलेली बाई ते लपवते. मियाँना माहीत असते, सासूला नसते, मस्जिदीच्या कमिटीला तर नाहीच. लपवलेल्या कर्जाबद्दल सल्ला मागता येत नाही, आणि अडकल्यावर मदतही मागता येत नाही. बयानात सूदचे अजाब ऐकून ती घरी येते, आणि संध्याकाळी हप्त्याचे पैसे मोजते. तिला अजाब सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी तिला बिनव्याजी पाच हजार देऊ केले, हा प्रश्न आम्ही अदबीने विचारतो.

कारण दुसरी वाट आहे आणि ती नवी नाही. सूरह बकरामध्ये सूदला मनाई आहे, आणि तिथेच अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची ताकीद आहे. लगेच पुढे कुरआनातील सर्वांत लांब आयत येते, ती कर्ज लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदारांसह. सवड आणि हिशेब, दोन्ही एकाच ठिकाणी. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून दागिना ठेवून बिनव्याजी कर्ज देत आला आहे. लाहोरमध्ये २००१ साली डॉ. अमजद साकिब यांच्या 'अखुवत'ने एका विधवा बाईला दहा हजार रुपये कर्जे हसना देऊन सुरुवात केली. तिने ते फेडले, आणि पुढे हे काम मस्जिदींच्या आवारातून देशभर पसरले. डॉ. साकिब यांना २०२१ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या महाराष्ट्रातही बिनव्याजी चालणाऱ्या सहकारी पतसंस्था आहेत. त्या कार्यालयाचा खर्च भागवण्यापुरते शुल्क घेतात. ते खरोखर खर्चाइतकेच आहे ना, हे सभासदांनी दरवर्षी विचारत राहिले पाहिजे. नाव बदलून तीच वस्तू विकणारे कुठेही असू शकतात.

आपांच्या मोहल्ल्यात झाले ते याहून खूप लहान आहे. एकवीस घरांनी मिळून एक फंड केला. त्यात दोन शिक्षक, एक कापडवाले, एक निवृत्त एसटी कंडक्टर, बाकी नोकरदार आणि काही बायका स्वतः. प्रत्येकी महिन्याला दोनशे, ज्याला जमेल त्याने जास्त. जकातीचे पैसे त्यात घेतलेच नाहीत. जकात कर्जाऊ देता येते का यावर उलेमांत मतभेद आहेत, आणि फंडाला वाद नको होता. पहिली दीड-दोन वर्षे नुसते जमवण्यात गेली. तेव्हा लोकांनी पुष्कळ चेष्टा केली.

जून २०२४ च्या अखेरीस आपांनी फंडाकडे पंचवीस हजार मागितले. कंडक्टरचाचांनी पहिला प्रश्न विचारला, "इंटरलॉकला महिन्याला किती जातात?" आपांना सांगता येईना. त्यांची मुलगी सातवीत होती, तिने जुन्या डायरीतून महिनाभराचे सूट मोजले. वर्षाचा अंदाज काढला तर सरासरी महिन्याला सत्तर सूट. सुटाला पंधरा रुपये बाहेर जात होते. स्वतःची मशीन असेल तर दोरा आणि लाइट मिळून तीनेक रुपये. म्हणजे सुटामागे बारा रुपये घरात राहणार. साडेबारा हजारांची जुनी इंटरलॉक मशीन टेबल-मोटारसकट विजापूर वेशीकडच्या एका मेकॅनिकने पाहून ठेवली होती. पंधरा महिन्यांत ती स्वतःच्या कमाईने फिटते. हा हिशेब फळ्यावर नाही, मागच्या वर्षाच्या कॅलेंडरच्या पाठीवर झाला.

फंडाने पंचवीस नाही, अठरा हजार दिले. साडेबारा हजार थेट मशीनवाल्याला, साडेतीन हजार दुरुस्ती, वायरिंग आणि दिव्याला, दोन हजार दोऱ्याच्या कोनना. हातात रोख एक रुपया दिला नाही. आपांना त्याचा राग आला होता, तो त्यांनी बोलूनही दाखवला. 'भाई'चे पाच हजार मात्र कर्जात धरले नाहीत. दोघे जण जाऊन त्याच्याशी बोलले, दिलेल्या रकमा मोजल्या, आणि आपांच्या मियाँनी भावाकडून घेऊन ते एकदम संपवले. गटाच्या कर्जाचे शेवटचे हप्ते आधीच कसेबसे फिटले होते.

खरा फरक परतफेडीच्या कागदात होता. हप्ते हंगाम पाहून लिहिले. शाबान आणि रमजानचे तीन-तीन हजार. डिसेंबर, मे आणि जूनचे दोन-दोन हजार. बाकीच्या बारा महिन्यांचे पाचशे. सतरा महिन्यांत अठरा हजार पुरे. एक महिना न सांगता चुकला तर दोघी साक्षीदार घरी येऊन बसणार, आधी सांगून चुकला तर कागदावर एक महिना पुढे ढकलणार. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा आपांनी आधी सांगितले. महिना पुढे गेला. डिसेंबर २०२५ मध्ये शेवटचे पाचशे भरले.

यातून काही चमत्कार झाला नाही. आपांचे घर तेच आहे, खोली एकच आहे, पावसात एका कोपऱ्यात अजून बादली लागते. पण आता आजूबाजूच्या शिवणाऱ्या बायका इंटरलॉकला त्यांच्याकडे येतात, आठवड्याला पंधरा-वीस कपडे. रमजानात तुरपाई, हूक आणि बटनांसाठी त्या समोरच्या खोलीतील एका बेवा बाईला पीसवर काम देतात. मियाँ बाजारातून अस्तर, लेस आणतात, इस्त्री करतात आणि कपडे पोचवतात. सुरुवातीला ते अंधार पडल्यावर पोचवायचे, आता दुपारीही जातात. पैसे आपांच्या नावच्या खात्यात जमा होतात. मुलगी हिशेब लिहिते, उर्दूत नावे आणि मराठीत आकडे.

एका ठेकेदाराने गेल्या उन्हाळ्यात पाचशे गणवेशांचे काम आणले होते. सोलापूर गणवेशांचे मोठे केंद्र आहे, तेव्हा असे काम येते. भाव पीसला इतका कमी होता की आपांनी नकार दिला. "आणखी एक मशीन कर्जाने घ्या, मग परवडेल," असे तो म्हणाला होता. २०२४-२५ मध्ये सरकारी शाळांचे गणवेश माविमच्या बचत गटांकडून शिवून घेण्याचे ठरले होते. कापड उशिरा आले, गणवेश उशिरा पोचले, आणि पुढे तो निर्णय फिरवून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. त्या कामाच्या भरवशावर मशीन घेतलेली एखादी बाई असेल, तर तिचा हप्ता सरकारी निर्णयाबरोबर मागे गेला नसणार. काम आधी, कर्ज नंतर, हा क्रम आपांना आता कोणी शिकवावा लागत नाही.

सरकारी योजनांपैकी एक मात्र शिवणाऱ्या बायकांनी पाहून घ्यावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा हुन्नरांमध्ये दर्जीकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, आणि पहिले कर्ज एक लाखापर्यंत पाच टक्क्यांनी. कर्ज न घेताही प्रशिक्षण आणि अवजारांची मदत घेता येते, त्यामुळे सूद टाळणाऱ्या घरांनाही तिचा उपयोग आहे. एका घरातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सेवा केंद्रात आधार आणि बँक खात्यावर होते. तिथे अर्जात व्यवसाय विचारतात, तेव्हा 'गृहिणी' लिहू नये.

फंडाकडे आज सात नावे आहेत. दोन शिवणाऱ्या, एक मेंदीचे कोन करणारी, एक बांगडीवाली, एक शेवया वळणारी, दोघींनी अजून काय करणार ते लिहिलेले नाही. त्यांना कंडक्टरचाचांनी महिनाभराची डायरी लिहून आणायला सांगितले आहे. पेटीत चौदा हजार आहेत. पहिल्या शिवणारीला पिको-फॉलच्या मशीनसाठी अकरा हजार मंजूर झाले. बाकीच्यांना ईदनंतर, परतफेड आल्यावर. बांगडीवाली यावर नाराज आहे. तिचे म्हणणे असे की बांगड्यांचा हंगाम ईदच्या आधी असतो, आणि ईदनंतर मिळालेला पैसा तिच्या काय कामाचा? मागच्या इतवारी यावर बरीच वादावादी झाली. आपा आता फंडाच्या सभासद आहेत. त्यांनी बांगडीवालीची बाजू घेतली.